समुद्रांतील विमानतळ



माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त जपानांत ओसाका शहरीं असतो. गेल्या वर्षीं त्यानें आपल्या वडिलांना तिकडे बोलावून घेतलें. वडील आमच्याच आळींतले, सत्तरी उलटलेले, आणि विमानांत प्रथमच बसणार. निघण्यापूर्वीं चार दिवस ते मजकडे आले आणि जरा चांचरतच म्हणाले, "गुरुजी, मुलगा सांगतो कीं तिकडचा विमानतळ भर समुद्रांत बांधला आहे. आणि आमचे शेजारी म्हणतात कीं तो खालीं खालीं चालला आहे. यांत खरें काय?" मीं म्हटलें, "दोन्ही खरें." त्यांचा चेहरा उतरलेला पाहून माझी चूक माझ्या ध्यानांत आली. कारण "खालीं चालला आहे, तरी खुशाल उतरा" हें वाक्य एका दमांत सांगून पटण्यासारखें नाहीं. त्या दिवशीं त्यांना तासभर बसवून घेऊन जें सांगितलें, तेंच आज आपणांसमोर थोडें नीटनेटकें करून मांडतों.

मी कांहीं स्थापत्यविशारद नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि सारी हयात मुलांना भूगोल व गणित शिकविण्यांत गेलेली. परंतु ह्या विषयाचें मर्म समजण्यास शेरभर दहीं आणि एक धुतलेलें फडकें एवढें साहित्य पुरे होतें, हें पुढें दिसून येईल.

पहिला प्रश्न असा, कीं चांगली कोरडी जमीन सोडून माणसाला समुद्रांत शिरण्याची बुद्धि झालीच कां? ओसाका हें जपानांतील व्यापाराचें जुनें आणि मोठें शहर. त्याचा पूर्वीचा विमानतळ इतामी येथें. आरंभीं लहान विमानें येत-जात होतीं तोंवर लोकांनीं कुरकुर केली नाहीं. पुढें शहर वाढलें, विमानतळाच्या चोहों बाजूंनीं घरें उभीं राहिलीं, आणि १९६४ सालीं जेट विमानें तेथें उतरूं लागलीं. छपरांवरून जाणाऱ्या त्या आवाजानें लोकांची झोंप उडाली. १९६९ सालीं शेजारच्या कावानिशी गांवच्या रहिवाशांनीं सरकारवर फिर्याद लावली. ती बारा वर्षें चालली. १९७५ सालीं ओसाकाच्या वरिष्ठ न्यायालयानें रात्रीं नऊनंतर विमानें बंद ठेवण्याचा निवाडा दिला. १९८१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मागील त्रासाबद्दल भरपाई मान्य केली, पण उड्डाणें बंद पाडण्याची मागणी नाकारली. तथापि व्यवहारांत लोकांचेंच चाललें. इतामीला आजहि रात्रीं नऊ ते सकाळीं सात विमान उतरत नाहीं.

ह्या फिर्यादीचें दुःख मला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. नोकरीचीं कांहीं वर्षें मीं उपनगरांतील अशा एका शाळेंत काढलीं, कीं जिच्यावरून विमानांची वाट जात होती. पाढे म्हणतांना मुलें "सात सक" म्हणत, मग घरघर सुरू होई, खिडक्यांचीं तावदानें थरथरत, आणि "बेचाळीस" कोणालाच ऐकूं येत नसे. दर तासाला पांच-सात मिनिटें अशीं वायां जात. मोठ्या माणसाला ह्याची सवय होते असें म्हणतात. ती सवय म्हणजे काय, तर आपण अर्धें वाक्य बोलून थांबावयास शिकतों, एवढेंच.

जपान सरकारला दुसरा एक चटका याच सुमारास बसला. तोकियोसाठीं नारिता येथें नवा विमानतळ करण्याचें १९६६ सालीं ठरलें. तेथील शेतकऱ्यांना कोणी विचारलें नव्हतें. त्यांनीं आपल्या जमिनी सोडण्याचें नाकारलें, विद्यार्थी त्यांना जाऊन मिळाले, आणि मोठाच झगडा झाला. त्यांत दोन्ही पक्षांकडील माणसें प्राणांस मुकलीं. १९७८ सालच्या मार्चमध्यें, उद्घाटन तोंडावर आलें असतां, आंदोलकांनीं नियंत्रण-मनोऱ्यांत शिरून यंत्रें फोडलीं. उद्घाटन मे महिन्यावर ढकलावें लागलें.

तेव्हां ओसाकासाठीं जागा शोधणाऱ्यांपुढें दोन अनुभव होते. घरांच्या मध्यें विमानतळ ठेवावा तर लोक झोंपेवांचून राहतात. शेतांत न्यावा तर शेतकरी उठतात. १९७४ सालीं सरकारच्या सल्लागार मंडळानें सेन्शू किनाऱ्यापासून सुमारें पांच किलोमीटर, म्हणजे तीन मैल दूर, ओसाकाच्या आखातांत विमानतळ करावा अशी शिफारस केली. तेथें आवाज पाण्यावर पडेल आणि विमानांना रात्रंदिवस ये-जा करतां येईल. समुद्रांत कोणाचें घर नाहीं, हें खरें. परंतु समुद्र बेवारशी असतो असें मात्र समजूं नये. त्या पाण्यावर पोट भरणाऱ्या कोळ्यांच्या संस्थांशीं वाटाघाटी कराव्या लागल्या, त्यांना नुकसानभरपाई द्यावी लागली, आणि त्यांत वर्षें गेलीं. आखाताच्या दुसऱ्या अंगास असलेल्या कोबे शहरानें तर आपल्यासमोर विमानतळ नको म्हणून आरंभींच मोडता घातला होता. (याच कोबेनें पुढें २००६ सालीं स्वतःचा विमानतळ, तोहि स्वतःच्या कृत्रिम बेटावर, उघडला. शहरांचीं मनेंहि माणसांसारखींच बदलतात.) प्रत्यक्ष कामास १९८७ सालीं हात लागला.

समुद्र हटवून जमीन करणें ही गोष्ट आपल्याकडे अपूर्व नाहीं. मुंबई हीं मूळचीं सात बेटें. त्यांच्यामधील खाड्या व खाजणें बुजवून आजचें शहर झालें आहे. पण तीं उथळ पाणीं होतीं, ओहोटीला तळ दिसणारीं. ओसाकाच्या आखातांत ठरलेल्या जागीं पाण्याची खोली सरासरी अठरा मीटर, म्हणजे साठ फूट. आणि खरी अडचण पाण्याची नव्हतीच. ती पाण्याखालच्या तळाची होती. तेथें सुमारें वीस मीटर जाडीचा मऊ चिकणमातीचा थर पसरलेला, आणि त्याच्याखालीं शेंकडों मीटरपर्यंत जुन्या चिकणमातीचे व वाळूचे थर एकावर एक.

आतां तें दहीं घेऊं. श्रीखंडासाठीं आपण दहीं फडक्यांत बांधून खुंटीला टांगतों. निथळून पाणी जातें, आणि सकाळीं पाहावें तों गाठोडें निम्म्यानें आटलेलें असतें. दहीं कोठें गेलें नाहीं. त्यांतील पाणी गेलें, आणि उरलेला चक्का आपल्या अंगीं घट्ट झाला. समुद्रतळाची चिकणमाती अशीच असते. तिचे कण इतके बारीक, कीं त्यांच्या मधल्या फटींत पाणी कोंडून बसतें. तिच्यावर मोठें ओझें ठेवलें, कीं प्रथम तें ओझें त्या कोंडलेल्या पाण्यावर पडतें. पाणी दाबलें जात नाहीं. तें वाट शोधूं लागतें, आणि हळूहळू बाहेर पडतें. जितकें पाणी बाहेर जाईल तितके कण जवळ येतात, आणि वरची जमीन तितकी खालीं बसते. म्हणजे चिखलावर बेट "बुडतें" असें जें आपण म्हणतों, तें नाव बुडाल्यासारखें नव्हे. खालचें दहीं चक्का होत असतें.

ह्या निथळण्याचें गणित कार्ल तेर्झागी नांवाच्या स्थापत्यशास्त्रज्ञानें १९२५ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील एक नियम आमच्या सातवीच्या मुलालाहि कळेल. पाण्याला बाहेर पडण्यासाठीं जेवढें अंतर चालावें लागतें, त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत वेळ लागतो. अंतर दुप्पट, तर वेळ चौपट. अंतर दसपट, तर वेळ शंभरपट. गृहिणींना हें अनुभवानें ठाऊक असतें. पावशेराचें गाठोडें रात्रींत निथळतें, पांच शेरांचें गाठोडें दुसऱ्या दिवशींहि मध्यें ओलेंच राहतें. पण त्याच मोठ्या गाठोड्यांत जागोजागीं सुती वाती खोंचल्या तर काय होईल? प्रत्येक थेंबाला जवळच वाट मिळेल, आणि मोठें गाठोडें लहान गाठोड्याच्या वेळांत निथळेल.

जपानी इंजिनिअरांनीं नेमकें हेंच केलें. त्यांच्या वाती वाळूच्या होत्या. प्रथम समुद्रतळावर वाळूची चादर पसरली. मग तराफ्यासारख्या मोठ्या बोटींवरून लोखंडी नळ्या मऊ चिकणमातीच्या तळापर्यंत उतरविल्या, त्यांत वाळू भरली, आणि वाळू तशीच ठेवून नळ्या वर ओढून घेतल्या. असे हे वाळूचे खांब सुमारें चाळीस सेंटिमीटर व्यासाचे, एकमेकांपासून अडीच मीटरांवर, आणि संख्येनें दहा लाखांच्या घरांत. आतां फळ्यावर हिशेब मांडूं. वीस मीटरांच्या थराच्या मध्यावर असलेल्या पाण्याला वर किंवा खालीं दहा मीटर चालावें लागलें असतें. खांब बसविल्यावर दोन खांबांच्या मधल्या पाण्याला सव्वा मीटर चालणें पुरतें. दहाला सव्वानें भागलें कीं आठ. आठाचा वर्ग चौसष्ट. जें खचणें चौसष्ट महिन्यांचें, तें एका महिन्याचें झालें. हिशेब ढोबळ आहे, हें कबूल करतों. परंतु युक्ति यांतच आहे. खचणें थांबविण्याचा प्रयत्न त्यांनीं केला नाहीं. जें खचावयाचें तें इमारती उभ्या राहण्यापूर्वींच खचून जावें, अशी घाई त्यांनीं चिखलाला केली.

मग सभोंवार अकरा किलोमीटर लांबीचा समुद्रबांध घातला, आणि आंत भराव टाकण्यास सुरुवात झाली. डोंगर कापून माती-दगड आणला. तळ उघडणाऱ्या बोटी जागेवर येत, तळाचीं दारें उघडत, आणि ओझें पाण्यांत सोडून परत जात. मऊ चिखलावर एकाच जागीं ढीग घातला तर चिखल बाजूला सरकून ढीग कलंडतो. म्हणून थर पातळ आणि सारखा पडेल अशी दक्षता घ्यावी लागे. एकूण भराव अठरा कोटी घनमीटर झाला. त्याची जाडी सुमारें तेहतीस मीटर. म्हणजे अकरा मजली इमारतीच्या उंचीइतकी माती, आणि तीहि पांचशें हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर. एकर म्हणाल तर साडेबाराशेंच्या वर. बेटाला किनाऱ्याशीं जोडणारा पावणेचार किलोमीटरांचा दुमजली पूल बांधला; वरून मोटारी, खालून आगगाडी.

येथवर सर्व मनाजोगतें झालें. वरच्या मऊ थरानें ठरल्याप्रमाणें पाणी सोडलें, आणि त्याचें खचणें विमानतळ उघडण्यापूर्वींच बहुतेक आटोपलें. अंदाज चुकला तो त्याच्याखालच्या जुन्या थरांबाबत. तितक्या खोल वाळूचे खांब पोंचत नव्हते. चिकणमातीच्या थरांमध्यें निसर्गानेंच घातलेले वाळूचे थर आहेत, ते पाण्याला वाट देतील, असा भरंवसा होता. पण ते थर सर्वत्र सलग नव्हते, आणि पाण्याचा दाब अपेक्षेप्रमाणें उतरला नाहीं. एकंदर खचणें धरलें होतें त्याहून अधिक निघालें. भराव वाढवावा लागला, खर्च वाढला, मुदत लांबली. पोटांतलें दुखणें वरून दिसत नाहीं म्हणतात तसेंच हें झालें. विशारदांची थट्टा करण्याचें मात्र मला धाडस होत नाहीं. शेंकडों मीटर खोल मातीचा स्वभाव मूठभर नमुन्यांवरून ओळखावयाचा होता.

४ सप्टेंबर १९९४ रोजीं विमानतळ उघडला. त्याचें नांव कान्साइ. कामाच्या आरंभापासून त्या दिवसापर्यंत बेट सरासरीनें जवळ जवळ दहा मीटर बसलेलें होतें, आणि त्या वर्षीं तें सालीना अर्ध्या मीटराच्या वेगानें बसत होतें.

उतारूंची इमारत इटलीच्या रेंझो पिआनो यांनीं आंखली. ती पावणेदोन किलोमीटरांच्या आसपास लांब असून तिचें छप्पर पक्ष्याच्या पंखासारखें झोंकदार आहे. आतां असें पाहा, सबंध जमीन सारखी खचली तर इमारतीला कांहींच होत नाहीं. ती जमिनीबरोबर खालीं येते. भय असतें तें असमान खचण्याचें. एक कोंपरा चार बोटें अधिक बसला कीं भिंत तडकते, दार अडकतें. म्हणून इमारतीच्या सुमारें नऊशें खांबांच्या पायथ्याशीं जॅक लावण्याची सोय केली आहे. मोजणीदार वेळोवेळीं पातळी पाहतात. जो खांब अधिक बसला असेल तो जॅकनें किंचित् उचलतात, खालीं लोखंडी पट्टी सरकवितात, आणि पुन्हां टेंकवितात. गृहिणी डगमगत्या टेबलाखालीं कागदाची घडी घालते, त्याचाच हा मोठा भाऊ. गंमत अशी, कीं तळघरासाठीं जी माती खणून काढली ती इमारतीहून वजनदार होती! तेवढीच जागा हलकी राहिली असती तर सभोंवारची जमीन खालीं जाऊन इमारत वर राहिली असती. म्हणून वजनाची भर करण्यासाठीं तळघराच्या खालीं लोखंडाचें खनिज पसरलें. घर जड होऊं नये म्हणून धडपडणारे गवंडी मीं पाहिले आहेत. घर हलकें झालें म्हणून त्याला वजन बांधणारे हेच.

उघडून साडेचार महिने झाले नाहींत तों परीक्षा आली. १७ जानेवारी १९९५ च्या पहांटे कोबे परिसरांत मोठा भूकंप झाला. त्यांत सहा हजार चारशेंहून अधिक माणसें दगावलीं. कोबे बंदरांतील भराव घातलेल्या बेटांवर हादऱ्यांमुळें ओली वाळू पातळ होऊन चिखल वर उसळला, धक्के खचले, यारींचे सांगाडे वांकले. आखातापलीकडे कान्साइचें बेट मात्र उभें राहिलें. इमारतीला भारी इजा झाली नाहीं. कोबेहून तें दूर होतें हें खरें, तरी नव्या मातीवरच्या नव्या इमारतीनें असा हादरा सोसावा ही साधी गोष्ट नव्हे.

पुढें विमानांची गर्दी वाढेल म्हणून अधिक बाहेरच्या बाजूला दुसरें बेट घातलें, आणि २ ऑगस्ट २००७ रोजीं त्यावरची चार हजार मीटरांची धांवपट्टी चालूं झाली. तेथें पाणी अधिक खोल, चिखलाचा थर अधिक जाड, भराव पंचवीस कोटी घनमीटरांचा. आणि खचणेंहि त्याच मानानें अधिक. पैशाची बाजू थोडक्यांत सांगतों. ह्या साऱ्या कामाचें कर्ज एक लाख कोटी येनांच्या वर गेलें. तें फेडण्याच्या सोयीसाठीं २०१६ सालीं विमानतळ चालविण्याचा हक्क चव्वेचाळीस वर्षांच्या करारानें एका खासगी मंडळीला देण्यांत आला. आणि ज्या इतामीसाठीं हा खटाटोप, तो इतामी बंद झाला काय? नाहीं. परदेशचीं विमानें तेवढीं बेटावर गेलीं. देशांतल्या उतारूंना शहराजवळचा जुना तळच सोयीचा वाटला, आणि ज्या गांवांनीं आवाजाविरुद्ध फिर्यादी केल्या, तींच पुढें तो राहूं द्या म्हणूं लागलीं.

समुद्राची परीक्षा चोवीस वर्षांनीं आली, आणि तीहि नेमकी वाढदिवशीं. ४ सप्टेंबर २०१८ रोजीं जेबी नांवाचें तुफान ओसाकाच्या आखातावर येऊन थडकलें. ओसाका येथें समुद्र ३ मीटर २९ सेंटिमीटरांपर्यंत चढला. इतकें पाणी तेथें पूर्वीं कधीं नोंदलें गेलें नव्हतें. बेट खचत आल्यामुळें बांधाची उंची मूळच्यापेक्षां कमी झालेली होतीच. लाटा बांधावरून उसळून आंत पडल्या. पहिल्या बेटावरची धांवपट्टी पाण्याखालीं गेली, आणि तळघरांत पाणी शिरून तेथें ठेवलेलीं विजेचीं यंत्रें बंद पडलीं. विजेचीं यंत्रें तळघरांत ठेवणें, आणि तेंहि समुद्रांतल्या बेटावर, ह्याला मी तरी चूकच म्हणेन. त्याच वादळांत एक अडीच हजार टनांचें तेलवाहू जहाज, जें विमानांचें इंधन बेटावर उतरवून रिकामें झालें होतें, नांगरासह ओढलें जाऊन पुलावर आदळलें. पुलाची एक बाजू सरकली, आगगाडी बंद झाली. सुमारें तीन हजार उतारू त्या रात्रीं बेटावर अडकून पडले. विमानतळाचे नोकर निराळेच. दुसऱ्या दिवशीं त्यांना बसगाड्यांतून आणि बोटींतून बाहेर काढलें. बोटी कोठें गेल्या? कोबेच्या विमानतळाला, म्हणजे एका कृत्रिम बेटावरून दुसऱ्या कृत्रिम बेटावर.

तीन दिवसांत कांहीं विमानें पुन्हां उडूं लागलीं. आगगाडी १८ सप्टेंबरला सुरू झाली, आणि मुख्य इमारत २१ तारखेस पूर्ववत् चालूं झाली. नंतर समुद्रबांध उंच केले, धांवपट्टी वर उचलली, आणि विजेच्या यंत्रांना पाण्यापासून संरक्षण दिलें. जमिनीखालून समुद्राचें पाणी झिरपूं नये म्हणून पहिल्या बेटासभोंवार पाणी अडविणारी भिंत तत्पूर्वींच घातलेली होती. आंतलें पाणी पंपांनीं उपसतात. बांधाच्या बाहेरच्या उतारावर समुद्रवनस्पति रुजविल्या आहेत, आणि त्यांत मासे थाऱ्याला येतात. कोळ्यांचें गेलेलें पाणी त्यामुळें परत मिळालें असें मात्र म्हणतां येणार नाहीं.

हा सर्व मजकूर आपल्याला केवळ परदेशची नवलकथा म्हणून ऐकण्याचे दिवस राहिलेले नाहींत. पालघर जिल्ह्यांत वाढवण येथें होऊं घातलेल्या बंदराजवळ समुद्रांत भराव घालून विमानतळ करण्याचा विचार महाराष्ट्र सरकारनें अलीकडे बोलून दाखविला आहे. तेथला तळ ओसाकाचा तळ नव्हे. प्रत्येक समुद्राचा चिखल वेगळा. तेथेंहि कोळी आहेत, आणि बंदरालाच त्यांचा विरोध आहे. त्या विषयावर सभा होतील, वर्तमानपत्रांत चित्रें येतील. ज्यांना तेथें प्रश्न विचारण्याची संधि मिळेल त्यांनीं छपराच्या आकाराविषयीं न विचारतां, तळाखालीं किती खोलपर्यंत छिद्रें घेऊन माती तपासली, बेट किती वर्षें खचणार, आणि बांध वेळोवेळीं उंच करण्याचा खर्च कोण सोसणार, हें विचारावें. कोळ्यांच्या भरपाईचा आंकडा तर सर्वांत आधीं विचारावा.

मी शेजाऱ्यांना जें सांगितलें तें असें. पहिलें बेट आरंभापासून साडेतेरा मीटरांहून अधिक, म्हणजे पंचेचाळीस फुटांच्या आसपास बसलें आहे. त्यांतील दहा मीटर उतारू येण्यापूर्वींचे. आतां तें सालीना सहा सेंटिमीटरांच्या आसपास बसतें. म्हणजे बारा महिन्यांत चार बोटें. दुसरें बेट नवें असल्यानें सालीना वीस-एकवीस सेंटिमीटर बसतें. "तुम्ही तेथें तासभर असाल," मीं म्हटलें, "तेवढ्या वेळांत केसाच्या जाडीइतकेंहि खालीं जाणार नाहीं. फक्त तुफानाचे दिवस टाळा." सप्टेंबर टाळून ते नोव्हेंबरांत गेले.

परत आल्यावर ते मला भेटले. खिडकींतून उतरतांना चोहोंकडे पाणीच दिसत होतें, चाकें टेकेपर्यंत आपण हात जोडून बसलों होतों, असें त्यांनीं सांगितलें. मुलाकडून त्यांना आणखी एक गोष्ट कळली होती. पहिल्या बेटावर सतरा आणि दुसऱ्यावर चौपन्न ठिकाणें मोजणीसाठीं नेमलेलीं आहेत, आणि तेथील आंकडे विमानतळाची मंडळी सर्वांना वाचतां येतील असे प्रसिद्ध करते. यंदाचे आंकडे आले कीं मुलगा मला ते लिहून पाठविणार आहे.